पॅरामोटर शिकताय? आधी विंगशी ओळख करून घ्या

पॅरामोटरचं, म्हणजे पाठीवर इंजिन आणि पंखा बांधून विंगखाली उडण्याचं, वेड डोक्यात शिरलं की सगळी चौकशी इंजिनाची सुरू होते. किती सीसीचं, थ्रस्ट किती, सेल्फ स्टार्ट आहे का, टाकी किती लिटरची. विंगचा, म्हणजे डोक्यावरच्या कापडी पंखाचा, विषय निघतो तो शेवटी, आणि तोही बरेचदा रंगावरून. माझं म्हणणं अगदी उलट आहे. हवेत इंजिन बंद पडलं तर तुम्ही साधे पॅराग्लायडर होता, आणि खाली मोकळं शेत असेल तर नीट उतरता. विंग बिघडली तर हातात फार थोडं उरतं. म्हणून इथे इंजिनाबद्दल कामापुरतंच बोलू आणि विंगबद्दल सविस्तर. उदाहरणं मावळातली आहेत, कामशेत आणि पवनेच्या आसपासची, कारण महाराष्ट्रात या खेळाची सुरुवात बरेच जण तिथूनच करतात.

हे वाचून कुणी उडायला शिकणार नाही, ते शिक्षकासमोरच शिकायचं. शिकताना आणि शिकून झाल्यावर कशाकडे लक्ष ठेवायचं, तेवढं इथे सांगतो.

विंग घेताना

पहिलं काम वजनाची बेरीज. प्रत्येक विंगवर एक वजनाची मर्यादा लिहिलेली असते आणि ती तुमच्या एकट्याच्या वजनाची नसते. तुम्ही ७२ किलोचे असाल, तर हेल्मेट, बूट, जॅकेट मिळून ५ किलो धरा. मोटर साधारण २६ किलो, ९ लिटर पेट्रोलचे पावणेसात किलो, विंग साडेपाच, रिझर्व्ह पॅराशूट २ किलो. बेरीज ११७ च्या आसपास जाते. विंग निवडायची ती या आकड्यावरून. मर्यादेच्या वर गेलात तर विंग वेगाने उडते, वळणात खाली धाव घेते आणि उतरताना जास्त पळावं लागतं. फार खाली राहिलात तर ती हवेच्या धक्क्यांत सैल पडते आणि मिटायला सोपी जाते.

दुसरं, वर्ग. युरोपियन मानक ईएन ९२६ मध्ये दोन भाग आहेत. पहिला मजबुतीचा: कमाल वजनाच्या ८ पट भार विंगने पेलला पाहिजे. दुसरा उडण्याच्या स्वभावाचा, त्यात ए, बी, सी, डी असे वर्ग. नवख्याने ए किंवा फार तर शांत स्वभावाची बी घ्यावी. पॅरामोटरसाठी खास बनवलेल्या बऱ्याच विंग रिफ्लेक्स प्रकारच्या असतात. ट्रिमर (मागचा भाग सैल किंवा आवळ करायचे पट्टे) सोडले की त्यांचा मागचा भाग किंचित वर उचलला जातो, विंग वेगवान आणि घट्ट होते. त्या चांगल्याच असतात, पण त्यांचा एक नियम आहे आणि तो पुढे येईल.

जुनी विंग घेत असाल तर विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. किती तास उडाली, शेवटची तपासणी कधी झाली, त्याचा कागद मागा. कागद नसेल तर तपासणीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा.

मैदानावर, मोटर न लावता

नवख्यांना सगळ्यात कंटाळवाणं वाटणारं आणि सगळ्यात जास्त शिकवणारं काम म्हणजे ग्राउंड हँडलिंग. फक्त हार्नेस (अंगाला बांधायचा पट्ट्यांचा साज) घालायचा, वाऱ्याकडे पाठ करून विंग उचलायची, डोक्यावर आणायची आणि तिथे धरून ठेवायची. एका बाजूला झुकली की त्याच बाजूला चालत जाऊन तिच्याखाली यायचं. ब्रेकने (विंगची मागची कड ओढणाऱ्या हातातल्या दोऱ्यांनी) ओढून सरळ करायची सवय लावू नका. पाय आधी, हात नंतर.

वारा ताशी ८ ते १५ किलोमीटर आणि सलग हवा. कामशेतला हिवाळ्यात सकाळी पूर्वेकडून हलकी हवा असते आणि फेब्रुवारीनंतर दुपारी समुद्राकडची पश्चिमेची हवा घाट चढून येते. दुसरी जोरात असते. पहिले धडे पहिलीत गिरवा.

जागा निवडताना भाताच्या खाचरांपासून जपून. कापणीनंतरची धसकटं टोकदार असतात आणि विंगच्या बारीक लाइन्स, म्हणजे दोऱ्या, त्यांत अडकतात. विंग उचलताना एखादी लाइन धसकटाला अडकली की जोर सगळा तिच्यावर येतो, आणि ती कुठे ताणली गेली हे नंतर डोळ्यांना दिसत नाही. बाभळीचे काटे तर कापडात सुईएवढी भोकं पाडतात. चराई झालेलं गवताळ माळरान बरं.

हे काम फक्त सराव नाही, रोजची तपासणीसुद्धा आहे. निरोगी विंग एका ठरावीक चालीने वर येते. ही चाल हातांना ओळखीची झाली की बिघाड आधी हातांनाच कळतो. एके दिवशी ती नेहमीपेक्षा हळू उठायला लागते, डोक्यावर यायच्या आधी मागे रेंगाळते, पुढे यायला जास्त ओढ मागते. वारा तोच, माणूस तोच. अशा वेळी "आज हवा बरोबर नाही" म्हणून सोडून देऊ नका. यामागे बहुतेक वेळा लाइन्सचं कारण असतं.

होतं काय, की लाइन्सच्या ए आणि बी या पुढच्या ओळींवर (विंगच्या वर्गांशी या अक्षरांचा संबंध नाही) सगळ्यात जास्त भार असतो, त्या हळूहळू किंचित ताणल्या जातात. मागच्या सी-डी ओळींवर भार कमी, आणि त्यातल्या डायनीमाच्या (हा एक मजबूत कृत्रिम धागा) लाइन्स काळाने आखडतात. दोन्ही मिळून विंगचा मागचा भाग खाली ओढला जातो, म्हणजे ब्रेक थोडा कायमच लावून ठेवल्यासारखं. फरक सेंटिमीटरमध्ये असतो, पण अशी विंग पॅराशूटल होऊ शकते. तेव्हा ती पूर्ण फुगलेली दिसते, पण पुढे जात नाही, सरळ खाली बसत जाते. कानाशी वारा एकदम थांबतो, ती खूण. ब्रेक सोडा, गॅस कमी करा आणि मॅन्युअलप्रमाणे स्पीडबार (विंगचा वेग वाढवणारी, पायाने दाबायची दांडी) दाबून वेग परत आणा. याहून उत्तम म्हणजे लाइन्स मोजून वेळेवर ट्रिम करून, म्हणजे मूळ लांबीवर आणून, घेणं. वर्कशॉपमध्ये रायझरच्या (लाइन्स जिथे एकत्र येतात त्या पट्ट्यांच्या) कड्यापाशी लूप घालून किंवा काढून हे दुरुस्त होतं, काही वेळा पूर्ण लाइन सेट बदलावा लागतो.

टेकऑफच्या आधी

क्रम कधीही बदलू नका. मी सुचवतो तो असा:

१. कापड उजेडाकडे धरून वरची, खालची बाजू आणि आतले पडदे. भोक उजेडात लगेच चमकतं.
२. लाइन्स रायझरपासून वरपर्यंत, गाठ आणि काटक्यांसाठी. संशयाची जागा बोटांत फिरवा; आतला गाभा तुटला असेल तर तिथे लाइन मऊ लागते.
३. कॅरॅबिनर (हार्नेस आणि रायझर जोडणाऱ्या कड्या) लॉक, रायझर पिळलेले नाहीत, दोन्ही ट्रिमर एकसारख्या खुणेवर.
४. ब्रेकच्या हँडलची गाठ, पुलीची जागा. रायझरवर बहुधा दोन पुली असतात. तुमची मोटर ज्या उंचीवर टांगलेली आहे त्याप्रमाणे एक निवडायची.
५. पायांचे पट्टे. मग छातीचा. मग पुन्हा पायांचे.
६. हेल्मेट, रिझर्व्हची पिन, किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) प्रत्यक्ष दाबून.
७. वारा, आकाश, इतर उडणारे.

पाचव्या ओळीत पायांचे पट्टे दोनदा आहेत, ते मुद्दाम. जगभर या खेळात माणसं यावरून गेली आहेत: कुणी बोलायला आलं, क्रम तुटला, पट्टे राहिले. तपासणी चालू असताना कुणी हाक मारली तर ओ द्या, पण नंतर पहिल्यापासून सुरू करा.

चौथ्याबद्दल थोडं. ब्रेकची दोरी फार आखूड असेल तर हात पूर्ण वर असतानाही विंगची मागची कड ओढलेली राहते, आणि ट्रिमर सोडल्यावर आणखी ओढली जाते. विंग डोक्यावर असताना हात वर करा आणि मागची कड बघा. ती मोकळी, सरळ दिसली पाहिजे, ब्रेकच्या दोरीत थोडा सैलपणा पाहिजे.

इंजिन सुरू करताना प्रॉपच्या, म्हणजे पंख्याच्या, वर्तुळाच्या रेषेत आणि मागे कुणीही उभं नको, कुत्रं नको, बघायला जमलेली मुलं तर मुळीच नकोत. मावळात शेतात विंग पसरली की गावातली पोरं धावत येतात. एखाद्या मोठ्या माणसाला त्यांच्याकडे उभं करा. थ्रॉटल पूर्ण सुटलेला आहे हे बघा, मोठ्याने "प्रॉप!" ओरडा, मग सुरू करा. या खेळातल्या अनेक वाईट जखमा जमिनीवर, प्रॉपमुळे झालेल्या आहेत.

वर जाताना आणि हवेत

हवा नसताना पुढे पळत टेकऑफ घेताना विंग अर्धचंद्रासारखी पसरा, म्हणजे मधला भाग आधी भरतो. ए रायझर हातात, पाठ सरळ. पुढे वाकून बैलासारखं ओढायचा मोह होतो. वाकलात की इंजिनाचा जोर तुम्हाला जमिनीकडे ढकलतो. मागे रेलून, ताठ पळा. विंग डोक्यावर आली, मान वर करून बघितली, लाइन्स मोकळ्या दिसल्या, मगच पूर्ण गॅस. पाय जमिनीवरून सुटले तरी चालवत राहा. लवकर बसलात तर गुडघे टेकतात आणि प्रॉप जमिनीला लागतो.

वर गेल्यावर पहिली गोष्ट कळते ती टॉर्क. प्रॉप एका दिशेला फिरतो म्हणून मोटर तुम्हाला उलट्या दिशेला वळवते. पूर्ण गॅसवर, विंगला ब्रेक लावून तीव्र चढाई केली तर ही ओढ वाढत जाते आणि रायझर पिळले जाऊ शकतात. काहीही विचित्र वाटलं तर पहिलं उत्तर एकच: गॅस हळू कमी करा, हात वर. नवख्याचं बोट घाबरल्यावर थ्रॉटलवर आवळलं जातं, म्हणून ही प्रतिक्रिया जमिनीवरच घोटून ठेवा.

आता रिफ्लेक्सचा तो नियम. ट्रिमर सोडलेले असताना, म्हणजे विंग वेगवान असताना, मुख्य ब्रेक ओढू नका. रिफ्लेक्समध्ये भार विंगच्या पुढच्या भागावर गेलेला असतो. ब्रेक ओढला की मागची कड खाली येते, तो तोल मोडतो आणि पुढची कड मिटू शकते. वळायचं असेल तर टिप स्टिअरिंगची (फक्त विंगची टोकं ओढणारी) वेगळी हँडल्स असतात, ती वापरा. हवा खडबडीत झाली, ब्रेकवर हात हवेसे वाटले, तर आधी ट्रिमर ओढून विंग हळू करा आणि मग ब्रेक धरा. स्पीडबार आणि ट्रिमर एकत्र वापरायचे की नाही, ते प्रत्येक विंगचं वेगळं असतं. मॅन्युअल वाचा, दोनदा वाचा.

विंगची एक बाजू मिटली तर आधी दिशा सांभाळा. वजन उघड्या बाजूला, लागलाच तर त्या बाजूचा थोडा ब्रेक, गॅस कमी. जमिनीपासून आणि डोंगरापासून लांब सरळ उडताय एवढं झालं की मिटलेली बाजू बहुतेक वेळा स्वतःच उघडते. नाही उघडली तर त्या बाजूचा ब्रेक एकदा खोल, पूर्ण ओढून सोडा.

मावळासाठी चार सूचना. सकाळी उजाडल्यावर दोन तास आणि संध्याकाळचा शेवटचा तास, एवढंच नवख्याचं आकाश. मार्चनंतर दहा वाजता तापलेल्या कातळावरून थर्मल, म्हणजे गरम हवेचे वर चढणारे झोत, उठायला लागतात. डोंगराच्या आडोशाला, वाऱ्याच्या पाठच्या बाजूला कधी जाऊ नका. तिथली हवा गिरक्या घेत खाली कोसळते. विजेच्या तारा हवेतून दिसत नाहीत, खांब आणि मनोरे दिसतात. दोन मनोरे दिसले की मध्ये तारा आहेतच असं धरून चाला. आणि कड्यांजवळ फिरकू नका, तिथे आग्या मोहोळं असतात.

पाण्याबद्दल वेगळं सांगतो, कारण पवनेचा जलाशय वरून फार मोहक दिसतो. पंचवीस-तीस किलोची मोटर पाठीवर घेऊन पाण्यात पडलेला माणूस पट्टे सोडायच्या आत खाली ओढला जातो, पोहता येत असलं तरी. इंजिन या क्षणी बंद पडलं तर काठावर पोचेन का, हा प्रश्न पाण्यावर असताना सतत विचारायचा. उत्तर "हो" नसेल तर तिथे जायचं नाही. पाण्याजवळ उडायचंच असेल तर फ्रेमला लावायचं, आपोआप फुगणारं फ्लोट घ्या.

परवानगीचंही बघा. २०२२ मध्ये केंद्र सरकारचं राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आलं, त्यात पॅरामोटरिंगचा स्पष्ट समावेश आहे. पुण्याजवळ लोहगावला हवाई दलाचा तळ, लोणावळ्याला नौदलाचं आयएनएस शिवाजी. या भागात शाळेने ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर एकट्याने जाऊ नका. मुंबईत पोलीस पॅराग्लायडर, पॅरामोटर उडवण्यावर वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात.

उतरताना सरावाने इंजिन बंद करून उतरायला शिका. शेवटच्या ३० मीटरवर इंजिन बंद, वाऱ्याला तोंड, जमिनीपासून एक-दीड मीटरवर ब्रेक पूर्ण. विंग मागे पडताना लाइन्स फिरत्या प्रॉपवर किंवा तापलेल्या सायलेन्सरवर पडल्या तर एका क्षणात जळतात. प्रॉप थांबलेला असेल तर अर्धा धोका तिथेच संपतो. उरलेला अर्धा, विंग पडत असताना वळून तिच्याकडे तोंड केलं की.

उतरल्यावर: घडी, दव, धूळ

विंगचा मोठा शत्रू ऊन. नायलॉनचं कापड अतिनील किरणांनी हळूहळू ठिसूळ होतं, त्यावरचा लेप जातो आणि त्यातून हवा झिरपायला लागते. ढोबळमानाने तीनशे तासांच्या आसपास कापडाचं आयुष्य धरतात. त्यात मैदानावर पसरून ठेवलेले तासही मोजा. चहा पिताना विंग उन्हात पसरून ठेवणं म्हणजे फुकट झीज. चहा प्यायचाय तर आधी तिला गोळा करून पिशवीत टाका.

डिसेंबर-जानेवारीत पवनेच्या बाजूला सकाळी दव जबरदस्त पडतं. गवतावर विंग पसरली की कापड ओलं होतं, जड होतं, आणि ओली विंग पॅराशूटल व्हायला कोरडीपेक्षा जास्त तयार असते. दव सुकेपर्यंत थांबा किंवा ताडपत्री अंथरा.

घडी घालताना लीडिंग एजमधल्या, म्हणजे पुढच्या कडेतल्या, प्लास्टिकच्या बारीक काड्या एकावर एक जुळवून, अकॉर्डियनसारखी घाला. काड्या मोडल्या की पुढच्या कडेचा आकार बिघडतो आणि विंग उठायला त्रास देते. घडी दर वेळी थोडी वेगळ्या जागी पडू द्या. आणि गुंडाळायच्या आधी आतले कीटक झटकून काढा. नाकतोडा आत अडकला तर तो जो तपकिरी द्रव सोडतो त्याने कापड खराब होतं. पावसाळ्यानंतर गवतात तेच सगळ्यात जास्त असतात.

माती, शेण लागलं तर साधं पाणी आणि मऊ स्पंज, बस. साबण नको, घासणं नको, वॉशिंग मशीनचा तर विचारही नको. कोकणात किनाऱ्यावर उडवली आणि खारं पाणी लागलं तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, कारण वाळलेल्या मिठाचे स्फटिक लाइन्सच्या आत कातरत राहतात. वाळू सेलमधून, म्हणजे विंगच्या आतल्या कप्प्यांतून, झटकून काढा. विंग पाण्यात पडलीच, तर मधून धरून ओढू नका. आत भरलेल्या पाण्याच्या वजनाने शिवणी उसवतात. मागची कड हळू उचलत राहा, पाणी पुढच्या तोंडांतून निघून जातं. मग सावलीत, हवेशीर जागी वाळवा.

कापडाला छोटी चीर, शिवणीपासून लांब, दोन-चार सेंटिमीटरची, तर रिपस्टॉपची (न उसवणाऱ्या विणीच्या कापडाची) चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी लावा. पट्टीचे कोपरे गोल कापा, म्हणजे उचकटत नाहीत. त्याहून मोठी किंवा शिवणीजवळची चीर वर्कशॉपकडे. तुटलेली लाइन कधीही गाठ मारून जोडू नका, बाजारातली दोरी लावू नका. त्याच जाडीची, त्याच लांबीची, कंपनीची लाइन मागवा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर उडणं बंद असतं, आणि विंगचं खरं नुकसान बऱ्याचदा याच चार महिन्यांत घरात बसून होतं. शेवटच्या उड्डाणानंतर ती पूर्ण वाळवा. पिशवीत सैल ठेवा, पट्ट्यांनी आवळू नका. खालच्या मजल्याची ओलसर खोली, भिंतीला टेकलेलं कपाट, पोटमाळा नको. मध्ये कोरडा दिवस मिळाला की घरातच उघडून हवा द्या. बुरशीचा वास आला तर ती लागली असं समजा. मोटर आणि पेट्रोलचा कॅन वेगळ्या जागी, कारण पेट्रोलची वाफ कापडाच्या लेपाला चांगली नाही. उंदरांचा बंदोबस्त करा. टाकीतलं पेट्रोल-ऑइलचं मिश्रण काढून टाका, आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ओलावा धरतो आणि कार्ब्युरेटर त्रास देतो. उन्हाळ्यातही एक काळजी: मे महिन्यात काचा बंद गाडीच्या डिकीत विंग दिवसभर ठेवू नका. त्या उष्णतेने डायनीमाच्या लाइन्स आखडतात.

वर्कशॉपची तपासणी करून घ्यायला हाच काळ चांगला. मॅन्युअलमध्ये तास किंवा वर्षांचा हिशेब दिलेला असतो, जे आधी येईल ते. तिथे एका यंत्राने कापडातून ठरावीक हवा जायला किती सेकंद लागतात ते मोजतात. नव्या कापडात शेकडो सेकंद लागतात, तेच दहा-वीसवर आलं तर त्या विंगने निवृत्त व्हावं. प्रत्येक लाइनची लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात. तो तक्ता मागून घ्या आणि जपा, पुढच्या वर्षी शेजारी ठेवला की कुठली ओळ सरकतेय ते दिसतं. रिझर्व्हही याच वेळी उघडून, हवा देऊन, जाणकाराकडून पुन्हा बांधून घ्या.

ऑक्टोबरमध्ये पहिल्या दिवशी मोटर घरी ठेवा. फक्त विंग आणि हार्नेस घेऊन माळावर जा, पाच-सहा वेळा उचला, डोक्यावर धरा, दोन्ही बाजूंना झुकवून परत आणा. ती गेल्या मोसमासारखीच उठतेय हे हातांना पटलं की दुसऱ्या दिवशी मोटर न्या.